नाव कापलेले गाणे : ‘हलगी मिक्स’चा इतिहास आणि एक थकलेले देणे

१/ जयंतीची मिरवणूक असो, गणेश विसर्जन असो वा लग्नाची वरात. बीड जिल्ह्यात डीजेच्या भिंतीतून नवनवे ‘हलगी मिक्स’ आणि ‘संबळ मिक्स’ बाहेर पडत असतात. ऊसतोडीच्या हंगामात तोच ठेका ट्रॅक्टरवर चढून पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कारखान्यांपर्यंत पोहोचतो. त्या ठेक्यात थोड्या थोड्या वेळाने एक नाव घुमते, ते मिक्स करणाऱ्या डीजेचे. हलगी कोणी वाजवली, हे मात्र कधीच ऐकू येत नाही. हा थ्रेड त्या मौनाविषयी आहे.

२/ या विषयावर दोन पक्ष भांडत असतात. एकाच्या मते डीजेने संस्कृती बुडवली. दुसऱ्याच्या मते रिमिक्सने लोककलेला नवजीवन दिले. आवाजाच्या वादाचा निकाल केव्हाच लागला आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली. ते नियम पाळलेच पाहिजेत. परंतु आवाज उतरवला म्हणून गाण्यातील अन्याय उतरत नाही, आणि तोच प्रश्न दोन्ही पक्ष टाळतात.

३/ ‘हे यंत्रसंगीत परक्यांचे’ हा पहिला गैरसमज. १९८२ साली मुंबईच्या चरणजित सिंग यांनी रोलँड कंपनीची यंत्रे वापरून दहा रागांची डिस्को ठेक्यावरील तबकडी काढली. शिकागोची ‘अॅसिड ट्रॅक्स’ ही प्रसिद्ध तबकडी त्यानंतर पाच वर्षांनी, १९८७ साली आली. सिंग यांची तबकडी तेव्हा फारशी कोणी विचारली नाही. २०१० साली ती पुन्हा प्रसिद्ध झाली, तेव्हा जग थक्क झाले. ती सापडली याचे कारण साधे आहे : तिच्यावर नाव होते.

४/ ‘टेक्नो युरोपचे’ हा दुसरा गैरसमज. टेक्नो घडवले ते अमेरिकेतील डेट्रॉइट परिसरातील कृष्णवर्णीय तरुणांनी. हुआन अॅटकिन्स, डेरिक मे आणि केविन सॉन्डरसन हे त्यांतील अग्रणी. मोटारींच्या कारखान्यांनी उभारलेले आणि त्यांच्याच पडझडीने खचलेले ते शहर. १९८८ साली इंग्लंडमध्ये निघालेल्या एका संग्रहाने ‘टेक्नो’ हे नाव जगभर नेले. पुढे बर्लिनची भिंत पडली, तिथल्या रिकाम्या तळघरांत नृत्यगृहे उघडली, आणि बघता बघता अनेकांच्या लेखी टेक्नोचे जन्मगाव बर्लिन ठरले. ठेका प्रवासाला निघतो आणि नाव मागे राहते, ते असे.

५/ ‘नमुना जेमतेम काही सेकंदांचा असतो, त्याचे काय मानधन?’ असे विचारले जाते. याचे उत्तरही इतिहासात आहे. १९६९ साली ‘द विन्स्टन्स’ या अमेरिकन वाद्यवृंदाच्या ‘आमेन, ब्रदर’ या ध्वनिमुद्रणात ग्रेगरी कोलमन याने सुमारे सहा सेकंद एकट्याने ड्रम वाजवला. तो तुकडा पुढे हजारो गाण्यांत वापरला गेला. इंग्लंडमधील ‘जंगल’ हा नृत्यसंगीताचा प्रकार बव्हंशी त्याच्यावरच उभा राहिला. कोलमनला त्याबद्दल कधी मानधन मिळाले नाही. २००६ साली तो दारिद्र्यात मरण पावला.

६/ आता हलगीकडे वळावे. कड्यावर ताणलेले कातडे आणि दोन काठ्या, एवढेच हे वाद्य. गावगाड्यात ते वाजवण्याचे काम प्रामुख्याने मातंग समाजाकडे होते. लग्न, जत्रा, कुस्तीचा फड, अंत्ययात्रा. हलगीवाचून एकही प्रसंग पार पडत नसे, आणि वाजवणाऱ्याला मात्र मानाच्या पंगतीत जागा नसे. जातिव्यवस्थेने त्याला ‘हलगीवाला’ म्हटले. संगणकावरील फाइल त्याला ‘हलगी’ म्हणते. आधी माणसाचे नाव गेले, आता माणूसही गेला. याला नवजीवन म्हणणाऱ्यांनी ते नेमके कोणाचे, हेही सांगावे.

७/ मराठी परंपरेचे वळण याच्या अगदी उलट आहे. अभंगाच्या अखेरीस नाममुद्रा येते. नामदेव, जनाबाई, चोखोबा, तुकोबा, सगळे आपल्या शब्दांखाली आपले नाव कोरतात. वामनदादा कर्डकांच्या भीमगीतांतही शेवटच्या कडव्यात ‘वामन’ भेटतो. रिमिक्स बहुधा मुखडा ठेवतो आणि शेवटचे कडवे छाटतो. कात्री नेमकी नावावरच पडते. ज्या जिल्ह्यातील अंबाजोगाईत सोळाव्या-सतराव्या शतकातील लांबलचक वस्त्रावरचे लेखन आजही ‘दासोपंतांची पासोडी’ म्हणून ओळखले जाते, त्याच जिल्ह्यात गेल्या आठवड्यातील ध्वनिफितीच्या वादकाचे नाव कोणाला ठाऊक नसावे, यास काय म्हणावे?

८/ ‘ठेका सर्वांचा असतो’ हा शेवटचा बचाव. ताल सर्वांचा असतो, हे खरेच. पण वादन सर्वांचे नसते. ओवी कोणीही रचू शकतो. म्हणून ज्ञानेश्वरीवरून ज्ञानेश्वरांचे नाव कोणी खोडत नाही. डीजेने स्वतः हलगी वाजवून ध्वनिमुद्रित करावी, हरकत नाही. दुसऱ्याचे मनगट वापरले असेल, तर ते कोणाचे, हे सांगणे बंधनकारक आहे.

९/ ‘बंधनकारक’ हा शब्द इथे केवळ नैतिक अर्थाने आलेला नाही. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या १९९४ सालच्या दुरुस्तीने कलावंताला आपल्या सादरीकरणावर हक्क दिला. कायद्यातील ‘कलावंत’ या व्याख्येत वादक आहे, कसरतपटू आहे, गारुडीसुद्धा आहे. २०१२ सालच्या दुरुस्तीने त्यात नाव लावून घेण्याचा हक्क जोडला. वापराच्या स्वरूपामुळेच नाव गाळावे लागत असेल, तेवढाच अपवाद. फाइलच्या शीर्षकात डीजेचे नाव मावते, तर हलगीवादकाचेही मावेल. म्हणजे देणे कायद्याने मान्य आहे. ते फक्त थकले आहे.

१०/ यात डीजे हा शत्रू नव्हे. भाड्याचे बॉक्स आणि उधारीचे जनरेटर घेऊन रात्र जागवणारा तो तरुणही बहुधा त्याच वस्तीतील, त्याच कोयत्याच्या घरातील असतो. म्हणूनच अपेक्षा त्याच्याकडून आहे. प्रत्येक मिक्सच्या शीर्षकात वादकाचे नाव, गाव आणि वर्ष लिहावे. कमाई झाली तर वाटा द्यावा. आणि इतिहासाची आवड सांगणाऱ्या तरुणांनी आपल्या गावातील हलगी आणि संबळ वाजवणाऱ्यांची नावे आजच नोंदवावीत. ताम्रपट वाचण्यास विद्वान लागतात. जिवंत माणसाला नाव विचारण्यास विद्वत्ता लागत नाही.

थ्रेड समाप्त.