म्हणे, तरुण येत नाहीत

आमच्या भागात यंदा उन्हाळी कलासंध्या भरवायची की नाही, यावर परवा बैठक झाली. चहा झाला, बिस्किटं झाली आणि एक सद्गृहस्थ उठले. त्यांचं नाव सांगत नाही. प्रत्येक भागात असे एक असतातच, आपापल्या ओळखीचे धरून चालावं. पाच मिनिटांत त्यांनी विषय निकालात काढला. आजच्या तरुणाला कलेशी देणंघेणं नाही, त्याला मोबाईल पुरतो. मे महिन्याच्या उकाड्यात कोण बाहेर पडतो? त्यातून अर्धी मुंबई गावाला. गेल्या वर्षी तीनशे खुर्च्या मांडल्या, चाळीस भरल्या, त्यातही निम्मे ज्येष्ठ नागरिक. तेव्हा हा पैसा स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शन वर्गाला द्यावा. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत चाळिशीच्या आतलं कुणी नव्हतं, पण तरुणांविषयीच्या बैठकीत तरुण असावेत असा काही नियम नाही.

किरकोळ मुद्दे आधी झाडून टाकू.

उन्हाचा मुद्दा. ज्या महाराष्ट्रात गुढीपाडव्याच्या सुमाराला नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावची माणसं येऊन सुपाऱ्या ठरवतात आणि मग फड चैत्र-वैशाखाच्या जत्रा गाजवत फिरतात, त्या महाराष्ट्रात उन्हाळा हा कलेचा ऋतू नव्हे असं म्हणायला फार धाडस लागतं. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती काय थंडीत? एप्रिल-मेच्या संध्याकाळी लोक तिथे नुसती भाषणं ऐकायला जातात. त्या श्रोत्यांचं सरासरी वय किती, असं आमचे गृहस्थ विचारतील. विचारोत. सध्या मुद्दा उन्हाचा चालला आहे.

गावाचा मुद्दा. ज्यांना गाव आहे, गावात घर आहे आणि कोकणकन्येचं तिकीट कन्फर्म झालं आहे ते जातात. उरलेल्यांसाठीच तर कार्यक्रम आहे.

मोबाईलचा मुद्दा. हे सांगताना गृहस्थांचा स्वतःचा मोबाईल तीनदा वाजला.

आता राहिला तो खरा मुद्दा: तरुण येत नाहीत. यावर मात्र मला सविस्तर बोलायचं आहे, कारण गेल्या वर्षीच्या त्या चाळीस भरलेल्या खुर्च्यांपैकी एकीवर मी होतो.

कार्यक्रमाची वेळ होती साडेपाच. मुंबईत मे महिन्यात सूर्य मावळतो सातच्या पुढे. म्हणजे साडेपाचला मैदानावरची प्लास्टिकची खुर्ची तव्यासारखी तापलेली असते. प्रवेशद्वारावर फ्लेक्स. त्यावर चेहरे किती होते म्हणाल, तर मी सतरा मोजले आणि सोडून दिले. त्यात कार्यक्रम करणाऱ्या एकाही मुलाचा चेहरा नव्हता. पहिल्या दोन रांगांत सोफे, त्यांना पांढरी खोळ, त्यावर ‘राखीव’ अशी चिठ्ठी. पावणेसातला पाहुणे आले. दीपप्रज्वलन झालं, म्हणजे होत राहिलं, कारण वारा होता आणि वात पेटेना. मग स्वागत, प्रास्ताविक, परिचय. मग सत्कार. अकरा जणांना शाली पांघरल्या. मे महिन्यात! घामाने निथळणारा माणूस दुसऱ्या निथळणाऱ्या माणसाला लोकरीची शाल गुंडाळतो आणि दोघं फोटोग्राफरकडे बघून हसतात, हे दृश्य मी अकरा वेळा पाहिलं. माझ्या मते त्या संध्याकाळचा सगळ्यात दमदार प्रयोग तोच होता.

ज्यांच्यासाठी हा घाट घातला ती मुलं पाच वाजल्यापासून कनातीमागे उभी होती. चेहऱ्यावरचा रंग ओघळून गळ्यापर्यंत आलेला. त्यातला एक मला ओळखतो. मागच्या बाजूने येऊन त्याने विचारलं, “काका, आमचा नाच कधी?”

“सत्कार संपले की.”

“अजून किती राहिले?”

“चार. मग अध्यक्षांचं मनोगत.”

त्याने क्षणभर हिशोब केला. “मग आम्ही वडापाव खाऊन येतो.”

त्याचा हिशोब बरोबर निघाला. वडापाव खाऊन, चहा पिऊन ते परत आले तरी मनोगत चालूच होतं, आणि विषय होता ‘आजची पिढी आणि मोबाईल’. नाच सुरू झाला पावणेनऊला. आता हे समजून घ्या की उघड्यावर ध्वनिक्षेपक रात्री दहानंतर चालत नाही. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम तसं सांगतात. बारा वाजेपर्यंतची सवलत राज्य सरकारला वर्षातून फार तर पंधरा दिवस देता येते आणि ते दिवस सणांना, जयंत्यांना आणि एकतीस डिसेंबरला कामी येतात. उन्हाळ्यातल्या कुठल्याशा कलासंध्येच्या वाट्याला त्यातला एकही येत नाही. म्हणजे सूर्यास्त ते दहा, अशी उणीपुरी तीन तासांची संध्याकाळ हाती. त्यातले पावणेदोन तास शाली-श्रीफळांत गेले. एक नाच झाला, दुसरा अर्ध्यावर आला आणि आवाजवाल्याने साडेनऊलाच वायरी गुंडाळायला घेतल्या, कारण त्याला दुसरीकडे लग्न होतं. रॅप करणारी दोन मुलं माईक हातात न लागताच घरी गेली. बेस्टच्या संपावर त्यांनी स्वतः लिहिलं होतं. मला कनातीमागे ऐकवलं, म्हणून माहीत.

आणि आता गंमत. मैदानाच्या कडेला कमरेएवढी भिंत आहे. नाच सुरू होताच तिच्यावर साठ-सत्तर पोरंपोरी येऊन बसली. शिट्ट्या त्यांच्याच, आरोळ्या त्यांच्याच. ती खुर्चीवर का बसली नाहीत? पुढचे सोफे राखीव होते आणि मागच्या खुर्चीवर बसलं की स्वयंसेवक येऊन सांगत होता, “पाय खाली घे.” अहवालात आलं, ‘चाळीस प्रेक्षक’. कठड्यावर बसलेल्यांना आपल्याकडे प्रेक्षक म्हणत नाहीत. टवाळ म्हणतात.

तरुण येत नाहीत म्हणे! गुरुपौर्णिमेपासून लालबाग-परळच्या गल्ल्यांत जाऊन बघा. दिवसभर नोकरी करून, लोकलला लटकून आलेली मुलं रात्री दहाला गोविंदाचे थर लावायला जमतात. खांदे सोलतात, पडतात, पुन्हा चढतात. पैसे मिळत नाहीत; मिळालेच तर मंडळाला. पुण्यात गणपतीच्या महिना-दीड महिना आधी नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो. पट्ट्याने कंबर कातते, हातांना फोड येतात, आणि मुली-मुलगे दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे. भरत नाट्य मंदिरात पुढ्यात एकांकिका चालू असते आणि सगळं नाट्यगृह आपल्या कॉलेजासाठी घसा फोडत असतं. तिथे नट विद्यार्थी, लेखक विद्यार्थी, दिवे सांभाळणारा विद्यार्थी, नेपथ्याची फळी उचलणाराही विद्यार्थीच. धारावीत मुलं ब्रेकडान्स आणि रॅप करत होती ती २०१९ साली ‘गली बॉय’ येण्याच्या बऱ्याच आधीपासून. तेव्हा त्यांना कुणी कलासंध्या भरवून दिली नव्हती.

यावर बैठकीतच मला ऐकवलं गेलं, “ते वेगळं, ती हौस.” बरं. मग आपण भरवतो ते काय असतं?

इथे मला एक जुनी गोष्ट आठवते. मी विशीत होतो, गिरण्यांचा संप होऊन फार वर्षं झाली नव्हती. आमच्या चाळीत एकांकिका बसवायची होती आणि तालमीला गच्चीखेरीज जागा नव्हती. चाळीच्या समितीतले एक वडीलधारे दर सभेत बोलायचे, टीव्ही आल्यापासून पोरांना नाटकाचं वेड राहिलं नाही, आमच्या वेळी काय तालमी व्हायच्या! हेच गृहस्थ रात्री साडेनवाला जिने चढून गच्चीवर यायचे आणि ओरडायचे, “बंद करा ती तालीम, झोपू द्या माणसांना!” यातली विसंगती त्यांना एकदाही जाणवली नाही. पुढे टीव्हीच्या जागी व्हीसीआर आला, मग केबल, मग कॉम्प्युटर गेम, आता मोबाईल. वाक्य तेच, नाम तेवढं बदलतं. उद्या डोळ्यांवर चढवायचं काही यंत्र आलं तर वाक्य तयारच आहे. तशीच ऑर्केस्ट्रा विरुद्ध नाटक ही भांडणं आम्ही वर्षानुवर्षं भांडलो. मीही त्यात नाटकाच्या बाजूने तावातावाने बोललो आहे आणि बहुतेक चूक बोललो, कारण त्या ऑर्केस्ट्रात कोंगो वाजवणारा मुलगा आमच्या नाटकातल्या कुणाहीपेक्षा जास्त मेहनत करत होता. असो. ते भांडण संपलं, कारण ऑर्केस्ट्राच संपला.

मार्गदर्शन वर्गाबद्दल दोन शब्द. वर्गाला माझा विरोध नाही. पण मुलं उन्हाळ्यात रिकामी असतात हा समज कुठून आला? बारावीची मुलं सीईटीत अडकलेली, नीट मे महिन्याच्या सुरुवातीला, पदवीच्या परीक्षा एप्रिल-मेत. मुलांना आणखी एक वर्ग देणं म्हणजे पाण्यात बुडणाऱ्याला पाणी पाजणं. आमच्या बाजूचे काही उत्साही लोकही कमी नाहीत. कलेमुळे मुलं वाईट वळणाला लागत नाहीत, असं ते छातीठोकपणे सांगतात आणि मग समोरचा पुरावा मागतो. मी असा दावा करत नाही. सोळा वर्षांच्या मुलीला नाचावंसं वाटतं, तर नाचायला जागा असावी. त्यासाठी ती आधी गुन्हेगारीच्या कडेला उभी असायला हवी काय?

तर मग करायचं काय? माझ्याजवळ मोठी योजना नाही. किल्ली आहे, म्हणजे किल्लीची मागणी आहे.

मे महिन्यात शाळा बंद असतात आणि शाळांचे हॉलही. पंखे आहेत, दिवे आहेत, लहानसं व्यासपीठ आहे आणि दाराला कुलूप आहे. दोन वर्षांपूर्वी अशा एका हॉलसाठी मी पाच पोरांना घेऊन खेटे घातले. पहिल्या दिवशी सांगितलं, अर्ज आणा. दुसऱ्या दिवशी, संस्थेच्या लेटरहेडवर आणा. संस्था नाही म्हटल्यावर, मग नोंदणी करा. चौथ्या वेळी वॉचमन स्वतःच मला बाजूला घेऊन म्हणाला, “साहेब, जूनमध्ये या. तेव्हा हॉल लागतच नाही.” जूनमध्ये शाळा सुरू होते. परळचं दामोदर नाट्यगृह १९२२ पासून गिरणगावाची नाटकं बघत आलं. तेही २०२३ च्या अखेरीला पुनर्बांधणीसाठी बंद झालं. अशा भागात महिनाभराची बंद खोली ही काही क्षुल्लक गोष्ट नाही.

संध्याकाळी सहा ते दहा हॉल उघडा. किल्ली मुलांच्या हातात द्या, जामीन हवा तर माझ्यासारखा एखादा पन्नाशीचा माणूस ठेवा. पंधरा मिनिटांपेक्षा मोठा प्रयोग नको. सत्कार नको. फ्लेक्स नको, लावायचाच तर करणाऱ्यांच्या नावांचा. शेवटच्या शनिवारी जे तयार झालं असेल ते मैदानावर, साडेसातला. वाईट झालं तर वाईट. ठाण्यात रत्नाकर मतकरींनी ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला तेव्हा वस्त्यांतली मुलं आपल्याच जगण्यावरच्या नाटिका आपणच रचून करू लागली. त्यासाठी कुणी त्यांना आधी रसिक बनवलं नव्हतं. जुहूच्या पृथ्वी थिएटरात उन्हाळ्यात मुलांच्या कार्यशाळा वर्षानुवर्षं चालतात. फी परवडणाऱ्या घरांतली मुलं उकाड्यातून तिथे पोचतात, तर न परवडणाऱ्यांना दोन गल्ल्या ओलांडणं जड जाणार आहे का?

खर्चाचं विचाराल तर बारा तासांच्या विजेचं बिलही नाही, चार तासांचं आहे. अकरा शालींच्या पैशात महिना निघेल.

हे सगळं मी बैठकीत बोललो. गृहस्थ शांतपणे ऐकून म्हणाले, “कल्पना चांगली आहे, पण किल्ली हरवली तर जबाबदार कोण?” त्यावर मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. इतिवृत्तात ‘सविस्तर चर्चा झाली’ असं आलं आहे.

परवानगी नाही मिळाली, तरी शेवटच्या शनिवारी त्या बेस्टवर लिहिणाऱ्या दोन मुलांनी मैदानाचा कठडा धरून ठेवला आहे. माईक नाही, त्यामुळे दहाची अडचणही नाही. त्यांनी मला गृहस्थांना बोलवायला सांगितलं आहे आणि मी बोलावणार आहे. बसायला खुर्ची मात्र त्यांना घरून आणावी लागेल.