ओळख पटली नाही

पक्षी पाहण्याचा छंद ज्याला जडतो, त्याला पहिल्या काही आठवड्यांतच आपण मोठे जाणते झालो असे वाटू लागते. साळुंकी, बुलबुल, खंड्या, कोतवाल, भारद्वाज ही मंडळी मोठी सरळ असतात. एकदा नीट पाहिली, की दुसऱ्या खेपेस जणू स्वतःच आपले नाव सांगतात. परंतु हा सुखाचा काळ फार टिकत नाही. एके दिवशी असा एखादा पक्षी समोर येऊन बसतो, की तो पुस्तकातील एकाही चित्राशी धड जुळत नाही. किंवा, त्याहून वाईट म्हणजे, दोन-तीन चित्रांशी सारखाच जुळतो. अशा वेळी पुष्कळ जण त्यांतले एक नाव ठोकून देतात आणि वही मिटतात. ते नाव बहुधा त्यांतल्या त्यात दुर्मिळ पक्ष्याचे असते, ही गंमत लक्षात घेण्याजोगी आहे. वास्तविक ज्याच्या वहीत 'ओळख पटली नाही' असे शब्द अधूनमधून आढळतात, तोच पक्षी पाहणारा अधिक विश्वासाचा होय.

पावशाचेच उदाहरण घ्यावे. उन्हाळा सरत आला, की 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा' असे ओरडून जो शेतकऱ्याला पेरणीची आठवण करून देतो, तोच हा पक्षी. ओरडत असताना तो लपत नाही. त्याचे नाव पोरेसोरेही सांगतात. परंतु हिवाळ्यात तो बहुतेक मुका होतो, आणि मग त्याला पाहणारा हमखास शिक्रा म्हणतो. दोघांचे आकारमान जवळजवळ सारखे. पाठ राखी, छातीवर तांबूस छटा, शेपटीवर आडवे पट्टे. पंख हलवून मग तरंगत जाण्याची रीतही तीच. या सोंगाला लहान पाखरेसुद्धा फसतात, मग माणसाने फसावे यात नवल कसले! तथापि धीर धरून पाहणाऱ्याला सोंगातील उणिवा दिसतात. शिक्रा हा शिकारी. त्याची चोच आखूड व आकड्यासारखी वाकडी, पाय लांब, पिवळे आणि बळकट. पावशा हा कोकिळेच्या कुळातील. त्याची चोच बारीक, पाय आखूड, आणि दोन बोटे पुढे तर दोन मागे. पावशाची अंडी सातभाई उबवितात आणि पिलेही तेच पोसतात. म्हणजे ज्याला शिक्रा समजून गावभर दहशतीचा धनी ठरविले, तो प्रत्यक्षात दुसऱ्याच्या घरी लहानाचा मोठा झालेला, सुरवंट खाणारा एक निरुपद्रवी जीव असतो.

कोकिळेच्या बाबतीतही असाच घोटाळा होतो. काळाभोर, लाल डोळ्यांचा नर सर्वांना ठाऊक असतो. तपकिरी अंगावर पांढरे ठिपके असलेली मादी दिसली, की हा कोणी निराळाच पक्षी असे वाटते. वसंतात गातो तोही नरच, मादी नव्हे. पण लोकांनी गाण्याचे श्रेय कोकिळेला देऊन टाकले आहे, आणि ते आता परत घेता येणे कठीण!

यावर कोणी म्हणेल, की अंदाज बांधल्यावाचून माणूस शिकणार कसा? नाव सांगण्यातच तर या छंदाचा आनंद आहे. हे म्हणणे खोटे नाही. अंदाज अवश्य बांधावा. मात्र वहीत तो अंदाज म्हणूनच लिहावा आणि तो कशावरून बांधला तेही लिहावे. आजकाल भ्रमणध्वनीला छायाचित्र दाखविले किंवा आवाज ऐकविला, की क्षणात नाव पुढे येते. ही सोय उत्तम आहे. परंतु यंत्र सांगते तोही अंदाजच. चोच पाहिली का, पाय पाहिले का, हे पाहणाऱ्यालाच स्वतःला विचारावे लागते.

चुकीची नोंद किती दूरवर नेते, याचा दाखला खानदेशातच घडला आहे. रानपिंगळा नावाचे एक लहान घुबड आहे. १८७३ साली शास्त्रज्ञांनी त्याचे प्रथम वर्णन केले. १८८४ नंतर मात्र तो कोणाच्याही दृष्टीस पडला नाही. त्याचा वेश आपल्या वाडीवस्तीतल्या पिंगळ्याशी मिळताजुळता असल्यामुळे 'रानपिंगळा दिसला' असे दावे मधूनमधून होत. तपासले, की तो साधा पिंगळाच निघे. त्यातच रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात एक नमुना होता. आपण तो १९१४ साली गुजरातेत तापीकाठच्या मांडवी येथे मिळविला, असे त्याने चिठ्ठीवर लिहिले होते. त्या चिठ्ठीवर विसंबून लोकांनी त्या भागात शोध घेतला आणि रिकाम्या हाताने परतले. पुढे पामेला रॅस्मुसेन या अमेरिकन विदुषीने तो नमुना बारकाईने तपासला, तेव्हा उघड झाले, की तो संग्रहालयातून चोरलेला जुना नमुना असून त्याला नवी भुसभरणी करून खोटी चिठ्ठी लावली होती. ही केवळ चूक नव्हती, लबाडी होती. पण शोध घेणाऱ्याच्या वाट्याला दोहोंचे फळ सारखेच येते.

खोटी चिठ्ठी बाजूला सारून रॅस्मुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे जुन्या खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणी गेले. नोव्हेंबर १९९७ मध्ये, आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील शहाद्याजवळच्या रानात, एक लहान घुबड भर उजेडी झाडावर बसलेले त्यांना दिसले. एवढा प्रवास करून आलेल्या माणसांना तेथेच आनंदाने ओरडावेसे वाटले असते, तर त्यांना दोष कोण देता? परंतु त्यांनी एकेक खूण पडताळली. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. याचा माथा जवळजवळ कोरा. छाती तपकिरी, पोट पांढरे, डोके व चोच थोराड, पंखांवर व शेपटीवर ठळक पट्टे. छायाचित्रे काढली, चलच्चित्र टिपले. तेव्हा कुठे ११३ वर्षांनंतर रानपिंगळा जिवंत असल्याचे जगाला कळले.

हौशी माणसाच्या वहीला एवढे महत्त्व कशास, असे मात्र आता म्हणता येणार नाही. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल २०२३ साली प्रसिद्ध झाला, त्यात ९४२ जातींचा विचार केला आहे, आणि त्याचा आधार ३०,००० हून अधिक पक्षी पाहणाऱ्यांनी केलेल्या सुमारे ३ कोटी नोंदी हा आहे. कोणती जात घटते आहे व कोणत्या रानाला जपले पाहिजे, हे अशा नोंदींवरून ठरू लागले आहे. तेथे पावशाचा शिक्रा झाला, तर एकाच वेळी दोन जातींचा हिशेब चुकतो.

आणि काही पक्षी असे आहेत, की त्यांच्यापुढे जाणतेही हात टेकतात. आश्विनाच्या सुमारास उत्तरेकडून चिमणीहूनही लहान, हिरवट पाठीचे पर्णवटवटे येतात. भुवई फिकट, पंखावर असलीच तर एक पुसट रेघ. आणि क्षणभरही एका फांदीवर बसणे नाही. एकमेकांशी इतके सारखे, की रंगापेक्षा आवाजावरूनच त्यांची जात सांगावी लागते. आंब्याच्या शेंड्याशी असा एक पक्षी सकाळभर पाने चाळीत हिंडतो. खाली उभ्या असलेल्या मुलाची मान दुखू लागते. वहीत तो लिहितो : हिरवट, भुवई फिकट, आवाज दोन तुटक स्वरांचा, वेळ साडेसात. नावाचा रकाना कोरा राहतो. चैत्र संपता संपता पाखरू उत्तरेकडे निघून जाते, आणि तो रकाना पुढच्या आश्विनाची वाट पाहत राहतो.