नारा येथील मुजरा
इ. स. ७१० पासून ७८४ पर्यंत जपानची राजधानी असलेल्या नारा नगरीत परदेशी प्रवाशाचे पहिले स्वागत जे करतात ते कोणी दुभाषे नव्हेत, तर कासुगा देवस्थानाचे दूत मानलेली, उद्यानात मुक्त संचार करणारी हजाराहून अधिक हरिणे. आणि कोंडा व गव्हाचे पीठ यांची चकती पाहुण्याच्या हाती दिसताच ती अशा अदबीने मान लववितात, की तो भारावून उलट मुजरा करीत राहतो, तोवर दुसरे हरीण मागून येऊन त्याच्या खिशातील नकाशा फस्त करते. याच नगरीतील तोदाइजी मंदिरातील महाबुद्धाच्या मूर्तीचे नेत्रोन्मीलन ७५२ साली बोधिसेन या भारतीय भिक्षूच्या हस्ते झाले, हे स्मरून माझे मन आजही भरून येते. त्या मूर्तीच्या नाकपुडीएवढे भोक तेथील एका लाकडी खांबाला असून त्यातून पार होणाऱ्यास ज्ञानप्राप्ती होते अशी श्रद्धा आहे. मुलांनी त्यातून सहज निसटावे, धिप्पाड पाहुण्याने मात्र खांद्यापाशी अडकावे, त्याच्या भाषेचा गंधही नसलेल्या अनोळखी माणसांनी त्याचे हात धरून ओढावे, आणि तो बाहेर येताच साऱ्या मंडपाने टाळ्यांचा कडकडाट करावा, असा हा निर्मळ हास्याचा सोहळा!