तुटलेला ‘ड’

गेल्या पावसाळ्यात आमच्या मुखेडच्या साप्ताहिकाच्या वेबसाइटवर बातम्यांचे मथळे शेपटीकडून फुटायला लागले. एका मथळ्यात तर गावाचं नावच तुटलं. ‘मुखे’ एवढं नीट, आणि ‘ड’च्या जागी काळ्या शंकरपाळ्यात प्रश्नचिन्ह. कारण नंतर कळलं. युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट जागा घेतं. ‘मुखेड’ची काना-मात्रा धरून 5 चिन्हं, म्हणजे 15 बाइट. मथळे आखूड करणारं जे फुकटचं प्लगिन आम्ही बसवलं होतं, ते चिन्हं न मोजता बाइट मोजून कात्री चालवत होतं. इंग्रजी अक्षराला एकच बाइट लागतो, त्यामुळे प्लगिन लिहिणाऱ्याला हा दोष कधी दिसलाच नसणार.

साइट सांभाळणाऱ्या मुलाने त्याला एका ओळीत कळवलं, ‘प्लगिन चालत नाही.’ बारा दिवस उत्तर नाही. ‘सर, एक स्टार देऊन टाकू का?’ त्याने विचारलं. मी म्हणालो, दे. ते माझं चुकलं.

आमची साइट ज्या वर्डप्रेसवर चालते, त्याच्या अधिकृत भांडारात प्रत्येक प्लगिनला पाचपैकी किती तारे मिळाले, शेवटचं अपडेट कधी झालं आणि गेल्या दोन महिन्यांतल्या किती तक्रारी सुटल्या, हे दिसतं. ही सोय हवीच. ज्याने वर्षाची फी घेतली त्याला आठवडाभर गप्प बसायचा अधिकार नाही, आणि तिथे तारे कापताना हात आखडू नये. पण नोकरी सांभाळून रात्री जागून फुकट काम करणाऱ्यालाही आपण त्याच काट्यावर तोलतो. शिवाय ‘सुटली’ हा शिक्का लेखक स्वतःही मारू शकतो. त्या आकड्यावरून तक्रार खरंच सुटली की नुसती मिटवली, हे कळत नाही.

नुसत्या तत्परतेला गुण दिले की काय होतं, ते एक्सझेडच्या प्रकरणात जगाने पाहिलं. फाइल लहान करणारं हे साधन लिनक्सवर जवळपास सगळीकडे असतं, आणि ते लासे कोलिन हा फिनलंडचा गृहस्थ बिनपगारी सांभाळत होता. 2022मध्ये काही अनोळखी नावांनी त्याच्यामागे लकडा लावला, की काम रखडलंय, दुसऱ्याच्या हाती द्या. मानसिक त्रासामुळे आपल्याला झेपत नाही आणि हे छंदाचं काम आहे, असं त्याने लिहिलंही. मदतीला हजर होता ‘जिया टॅन’ या नावाने वावरणारा कुणी तरी. मेहनती, नम्र, कायम तयार. कारभार त्याच्या हाती गेला, आणि 2024च्या दोन आवृत्त्यांत चोरदरवाजा निघाला. सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा छडा आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने लावला, म्हणून 29 मार्च 2024ला तो उघड झाला. उत्तराच्या वेगाला तारे द्यायचे असते, तर त्या दोन वर्षांत ते जिया टॅननेच नेले असते.

आमच्या प्लगिनवाल्याचं उत्तर एकोणिसाव्या दिवशी आलं. नेमका मथळा पाठवा, प्लगिनचं व्हर्जन सांगा, आणि हीच लिपी आणखी कुठे तुटते का तेही पाहा. हे सगळं आम्ही पहिल्याच दिवशी लिहायला हवं होतं. ‘चालत नाही’ एवढ्यावर मुखेडचा मोटार रिवाइंड करणारा तरी काय दुरुस्त करेल? मथळा पाठवला, आणि तिसऱ्या दिवशी अपडेट आलं. ‘ड’ जागेवर बसला.

तो एक तारा आम्ही काढला. त्याजागी लिहिलं, की काय तुटलं होतं, किती दिवस लागले, त्याने काय विचारलं आणि कुठल्या व्हर्जनपासून देवनागरी नीट दिसते. एकोणीस दिवसही तसेच लिहिले, लपवले नाहीत. उद्या उदगीर-देगलूरकडचं कुणी मराठी साइट उभी करताना ते प्लगिन उघडेल, तेव्हा ताऱ्यांच्या खाली त्याला ही माहिती सापडेल.