पडद्यावरचा धडा आपल्या भाषेत

पुस्तक कसे वाचावे हे आपल्याला शाळा शिकवते. फोन मात्र ज्याने त्याने शेजाऱ्याला विचारून शिकावा, अशी रीत पडून गेली आहे. ही रीत महागात पडणारी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी सुरतेच्या गोडादरा भागात वाढले. तेथे आणि जवळच्या लिंबायत, डिंडोलीत खानदेशातून आलेली कितीतरी कुटुंबे राहतात. पुरुष लूमवर किंवा कापड मार्केटात, तर अनेक बायका घरी बसून साड्यांना लेस व टिकल्या लावतात. घरात अहिराणी, शाळेत मराठी, दुकानात गुजराती. या बायकांची मजुरी आता फोनवर येते. पैसे जमा झाले का, हे पाहण्यासाठी त्या गल्लीतल्या एखाद्या पोराच्या हाती फोन देतात आणि पिनही सांगून टाकतात. माझी आई त्यांतलीच एक. येथे शिकायला आल्यावर कन्नड मैत्रिणींच्या घरीही मी हेच पाहिले.

यूपीआय २०१६ साली सुरू झाले. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. तो लागतो पैसे देताना किंवा शिल्लक पाहताना. हे एवढे एक वाक्य माहीत नसल्याने कष्टाची कमाई जाऊ शकते. आपण वाणिज्य शाखेचे विद्यार्थी जमाखर्चाचे नियम पाठ करतो. मग हे वाक्य घरोघरी कोणी पोहोचवायचे?

त्यासाठी साधन हाताशी आहे. फोनचा पडदा संगणकावर दाखवून त्याचे चित्रमुद्रण करता येते. ‘स्क्रीन कॉपी’ असा उच्चार असलेली एक प्रणाली २०१८ पासून मोफत मिळते. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी डिबगिंग’ चालू करायचे, तारेने फोन संगणकाला जोडायचा, की पडदा संगणकावर उमटतो. बोट कोठे टेकले तेही दिसते. आयफोनसाठी मॅक संगणकावरील क्विकटाइम हे काम करते.

कोणी म्हणेल, नव्या फोनमध्ये ही सोय आतच आहे, मग संगणक कशाला? अँड्रॉइडमध्ये ती ११ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून आली. आपल्या घरांतले जुने फोन त्याआधीचे, आणि त्यांत जागाही थोडी. शिवाय संगणकावर सारा वर्ग एकत्र पाहू शकतो. सर्वांत मोठा लाभ असा की चित्र एकदाच घ्यायचे आणि आवाज हवे तितके जोडायचे: एक मराठी, एक कन्नड, आणि माझ्या गल्लीसाठी एक अहिराणी.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बँकांची अनेक ॲप्स असे मुद्रण होऊ देत नाहीत. पडदा काळा येतो. मला यात अडचण वाटत नाही. त्या काळ्या पडद्यावर आपण एवढेच बोलावे, “ही जागा कोणी पाहायची नसते, मुलानेसुद्धा नाही.” याहून चांगला धडा कोणता?

पथ्ये मात्र पाळलीच पाहिजेत. मुद्रणापूर्वी येणारे संदेश बंद करावेत, नाहीतर ओटीपीही चित्रात येईल. कोणाचे नाव, क्रमांक वा आधार दिसू देऊ नये. काम संपताच यूएसबी डिबगिंग बंद करावे. आणि आपला पडदा दुसऱ्याला दुरून दाखवायला सांगणाऱ्या अनोळखी माणसाचे कधीच ऐकू नये, हेही प्रत्येक धड्यात सांगावे.

आमच्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे की, प्रकल्प म्हणून दरवर्षी जाडजूड वह्या मागवण्याऐवजी प्रत्येक गटाकडून पाच मिनिटांचा एक धडा दोन्ही भाषांत करून घ्यावा. पैसे आल्याची खात्री कशी करावी, असंघटित कामगारांसाठी २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-श्रमवर नोंदणी कशी करावी, शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरावा. विषयांना तोटा नाही. गुण द्यायचे ते मात्र घरच्या माणसाने तो धडा पाहून, कोणाची मदत न घेता काम केल्यावरच द्यावेत.