माफी आणि भरवसा

परळी वैजनाथसारख्या गावात नशेची गोष्ट लपत नाही. कोण कुठे बसतो, कुणाचा पगार कुठे जातो, हे सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक असतं. तरीही आपल्या घरांत दारूचं किंवा नशेच्या गोळ्यांचं नाव कुणी काढत नाही. जे हराम आहे ते आपल्याकडे असणारच नाही, अशी समजूत आपण करून घेतो. त्यामुळे उपचाराला उशीर होतो आणि उपचार घेऊन परतलेल्याशी कसं वागायचं, हेही कळत नाही.

रमजानपुरती दारू सोडणारे आपण पाहतो. पण रोज भरपूर पिणाऱ्याने ती एकदम सोडली तर हातपाय थरथरतात, काहींना झटके येतात, भास होतात. ही इमानाची कमजोरी नव्हे, आजार आहे. डॉक्टर हवाच. अंबाजोगाईचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आपल्याजवळ आहे. १४४४६ ही व्यसनमुक्तीची मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

शरीर त्यामानाने लवकर सावरतं. घर सावरायला वेळ लागतो. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण सुरू केलं. तिथे रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा वेगळा गट चालतो. नशा एकाने केली तरी सोसलेलं असतं सगळ्या घराने, हे त्यांनी ओळखलं.

"मी तौबा केली, आता तरी विश्वास ठेवा," असं परतलेला तरुण म्हणतो. त्याची घाई समजण्यासारखी आहे. पण आपले उलेमाही सांगतात, की माणसांचे हक्क मारले असतील तर नुसत्या पश्चात्तापाने भागत नाही, ते परत करावे लागतात. बहिणीचे विकलेले दागिने, अम्मीकडून खोटं बोलून नेलेले पैसे, उसनवारी, याचा हिशोब द्यावा लागतो. पत्नीने खिसे तपासले तर तो अपमान मानू नये. पगार घरी द्यावा, सांगितलेल्या वेळी परतावं, पाय घसरला तर त्याच दिवशी सांगावं.

मोहल्ल्याचीही जबाबदारी आहे. वारंवार दारू पिऊन शिक्षा झालेल्या एका माणसाला लोक शिव्याशाप देऊ लागले, तेव्हा पैगंबरांनी त्यांना थांबवलं आणि त्याचं अल्लाह व रसूलवर प्रेम आहे, असं सांगितलं. ही हदीस बुखारीत आहे. शिक्षा टळली नाही, पण त्या माणसाला जमातीबाहेरही काढलं गेलं नाही.

म्हणून तरुण मित्रांनो, असा कुणी तुमच्या गल्लीत परतला असेल तर त्याला 'बेवडा' म्हणू नका. लगेच उधारही देऊ नका. संध्याकाळी चहाला बोलवा, कामाला सोबत न्या, डॉक्टरांची तारीख असेल तर बरोबर जा. आणि त्याच्या घरच्यांना "आता माफ करून टाका" असा आग्रह करू नका. माफी कधी द्यायची आणि भरवसा किती ठेवायचा, हे ज्यांनी सोसलं त्यांनाच ठरवू द्या.