सुतावरून इतिहास

१/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला आरंभीच बजावले जाते : सुतावरून स्वर्ग गाठू नये. आज मात्र मी सुतावरूनच एक इतिहास मांडणार आहे. विषय आहे इंग्लंडमधील गळाच्या मासेमारीचे ‘सेंटरपिन’ रीळ. माझे म्हणणे असे, की या रिळाचा इतिहास चाकाचा म्हणून सांगितला जातो; तो वास्तविक दोऱ्याचा इतिहास आहे.

२/ प्रथम रचना पाहू. काठीच्या मुठीवर बसवलेले गोल चाक आणि मध्यभागी एक आस; दंतचक्रे नाहीत. नदीत फ्लोट सोडला की प्रवाह दोरा ओढतो, चाक फिरते आणि आमिष पाण्याच्याच गतीने पुढे जाते. चाकाच्या कडेवर टेकवलेले बोट हाच त्याचा ब्रेक.

३/ १६५३ मध्ये आयझॅक वॉल्टनचा ‘द कम्प्लीट अँग्लर’ प्रसिद्ध झाला. त्यातील दोरा घोड्याच्या शेपटीच्या केसांचा आहे. केसाची लांबी ती केवढी? म्हणून केस पिळून तुकडे करावयाचे आणि ते गाठींनी जोडावयाचे. असा गाठाळ दोरा काठीवरील बारीक कड्यांतून सुखाने सरकत नाही. त्याला मोकळे फिरणारे चाक देऊन काय साधणार?

४/ एकोणिसाव्या शतकात ट्रेंट नदीकाठच्या नॉटिंगहॅममध्ये लाकडी ‘नॉटिंगहॅम रीळ’ नावारूपाला आले. त्याच्या जोडीला होता रेशमाचा बारीक, लांब आणि बिनगाठीचा दोरा. हे शहर यंत्रावर विणलेल्या लेससाठी प्रसिद्ध होते. बारीक सूत आणि हलकी फिरकी हाताळणाऱ्या शहरात हे रीळ रुजावे, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

५/ १८९० च्या दशकात नॉटिंगहॅमच्या हेन्री कॉक्सन यांच्या कल्पनेवरून रेडिचच्या ऑलकॉक कंपनीने ‘एरियल’ हे हलके रीळ बाजारात आणले. या रिळाचे कौतुक पुष्कळ होते. परंतु चाक हलके असावे असे का वाटले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. बारीक दोऱ्याला बांधलेला हलका फ्लोट जड चाक फिरवू शकत नाही, हे त्याचे साधे उत्तर आहे.

६/ दोरा निवडणे आणि भरणे ही म्हणूनच किरकोळ बाब नव्हे. फार जाड, ताठर दोरा वेटोळी होऊन चाकावरून उसळतो. ढिला भरला तर ताण पडताच वरचे वेढे खालच्या वेढ्यांत रुततात. काठोकाठ भरला तर कडेवरून निसटून चाकामागे, आसाभोवती अडकतो. यास्तव नव्या दोऱ्याची गुंडाळी पेन्सिलीवर फिरती ठेवावी आणि किंचित ताण देत, या कडेपासून त्या कडेपर्यंत, सारख्या थराने दोरा भरावा. कडेशी थोडी जागा मोकळी सोडावी.

७/ आता थोडे गणित. वेढ्यांचा व्यास ११.५ सेंटीमीटर असेल तर एका फेऱ्यात सुमारे ३६ सेंटीमीटर दोरा येतो. म्हणजे १०० मीटरला सुमारे २८० फेरे. व्यास ८ सेंटीमीटरच राहिला तर फेरे जवळजवळ ४०० होतात. म्हणून खोल चाकात तळाशी जुन्या दोऱ्याचा थर देऊन वर नवा दोरा भरतात.

८/ रेशमाची निगा कष्टाची होती. पाण्यावर तरंगावा म्हणून दोऱ्याला ग्रीस चोळायचे आणि घरी आल्यावर तो उलगडून वाळवायचा. नाहीतर तो कुजे. १९३८ मध्ये नायलॉन जाहीर झाले आणि पुढे न कुजणारा दोरा आला. आपल्याकडे त्याला तंगूस म्हणतात. स्थिर फिरकीच्या रिळाचे पेटंट इलिंगवर्थ यांनी १९०५ मध्येच घेतले होते. त्यात फिरकी फिरत नाही, दोरा तिच्या कडेवरून सुटतो. दुसऱ्या महायुद्धानंतर हे रीळ आणि नायलॉन यांची जोडी जमली आणि सेंटरपिन मागे पडले. १९०५ चे चाक एकट्याने हे करू शकले नव्हते.

९/ यावर कोणी म्हणेल, पेटंटे आणि कंपन्यांच्या याद्या हाच भक्कम पुरावा आहे. दोऱ्याची निगा हा छंदिष्टांचा विषय. मला हे मान्य नाही. पेटंटात शोध लावणाऱ्याचे नाव असते. परंतु कितवा वेढा रुततो आणि कडेशी किती जागा सोडावी, हे ज्ञान नदीकाठच्या असंख्य निनावी हातांचे होते. ते वगळले तर वस्तू उरते आणि तिचा वापर हरवतो.

१०/ मित्रहो, संग्रहालयात प्रत्यंचेविना टांगलेले धनुष्य आपण सर्वांनीच पाहिले असेल. लाकूड आणि धातू टिकतात. सूत, चामडे, तात कुजून जाते. जे टिकले त्यावरूनच आपण इतिहास रचतो. पुढच्या वेळी काचेपलीकडची वस्तू पाहताना तिच्या फलकावरील नाव जरूर वाचा. मात्र त्याआधी स्वतःला विचारा, या वस्तूला काय बांधलेले असे, आणि ते बांधत कोण असे?